आप्पांची तारीख

फोन आला तेव्हा नेत्राची सुई एका म्हाताऱ्या बाईच्या शिरेत होती. रामनगरच्या त्या छोट्या लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग असते, आणि रक्त घेताना फोन उचलायचा नाही हा नेत्राचा स्वतःचाच नियम. पण खिशातला फोन थरथरून थांबला आणि लगेच पुन्हा थरथरू लागला, तेव्हा तिनं नळी बाजूला ठेवली, बाईच्या कोपरात कापूस दाबून हात दुमडून धरायला सांगितलं आणि फोन कानाला लावला. कानडीत एक पुरुषी आवाज विचारत होता, नेत्राच ना, उमाजी तुमचे कोण. वडील, ती म्हणाली. ते जेलमध्ये आहेत, आवाज म्हणाला. नेत्राला हसूच आलं. समोरच्या कापडदुकानदाराला मागे असाच फोन आला होता, तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे म्हणून, आणि मुलगा त्या वेळी दुकानाच्या मागच्या खोलीत जेवत बसला होता. नेत्रानं चांगल्या ठसक्यातल्या कानडीत त्या आवाजाला सांगितलं की तुझाच नंबर पोलिसांत देते. मग फोन कापला. नुसता कापला नाही, तो नंबरच ब्लॉक करून टाकला. बोट काचेवर टेकत असतानाच पलीकडून, त्या आवाजाच्या मागून, कुणीतरी खोकल्याचं तिला ऐकू आलं. दोन आखूड खोकले आणि मग घसा दाबून गप्प होणं.

पुढच्या माणसाला तिनं मूठ आवळायला सांगितलं. शीर सापडली नाही. दुसऱ्या हाताला सापडली, पण नळीवर नाव लिहिताना तिनं आधीच्या बाईचं नाव लिहिलं आणि खोडलं. खोकतात सगळेच. ह्या दिवसांत तर घरटी एक माणूस खोकत असतो. पण आप्पांचा खोकला माजघरात बसलेल्या पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं यायचा. तोंड भिंतीकडं करून, घसा आतल्या आत दाबून, आपण खोकलो ह्याबद्दल जणू कुणाची तरी माफी मागत. असा खोकला जगात आणखी कुणाला असेल? आणि असला तरी आप्पा जेलमध्ये कशाला असतील? आप्पा गुंदला होते, दादाच्या घरी. हे तिला माहीत होतं. म्हणजे, तिनं तसं धरलं होतं. ते घरातून निघून गेले त्या दिवशी बसस्टँडवरच्या कॅन्टीनवाल्यानं त्यांना जोयड्याच्या बसमध्ये चढताना पाहिलं होतं, आणि जोयड्याच्या बसमध्ये चढलेला म्हातारा गुंदशिवाय जाणार कुठं. गुंदला फोन लागत नाही. दादाला बोलायचं झालं तर तोच शेतावरून टेकाडावर चढून येतो आणि मनात असेल तेव्हा फोन करतो. तो आला नाही ह्याचा अर्थ सगळं ठीक आहे. असा अर्थ लावून ती दोन-तीन रात्री निवांत झोपली होती, आणि त्या झोपेची आठवण आता हातमोज्यांच्या आत घामासारखी चिकट झाली.

आईच्या माघारी आप्पांना रामनगरला आणलं ते नेत्रानंच. दादा आणि वहिनी दिवसभर शेतात, आणि आप्पा उठून रानात जायचे ते संध्याकाळी भलत्याच वाटेनं कुणीतरी आणून सोडायचे. एकदा ओढ्यापलीकडं सापडले, आणि कुठं निघाला होता असं विचारल्यावर म्हणाले, घरीच. तेव्हा नेत्रा दादाला जरा लागेलसंच बोलली होती. आईबापाला बघायला मन लागतं, माणसं नव्हे, असं काहीतरी. आप्पांची पिशवी दादानंच बसपर्यंत आणून दिली होती. रामनगरला आल्यावर पहिले काही दिवस आप्पा ओट्यावर बसून गोव्याकडं जाणारे ट्रक बघत. मग एक दिवस रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. त्या संध्याकाळी नेत्रानं सुताराला बोलावून बाहेरच्या बाजूनं कडी बसवून घेतली. प्रवीण, तिचा नवरा, फोंड्याच्या कारखान्यात. तो रविवारी आला, त्यानं कडी बघितली, दोनदा सरकवून पाहिली आणि काही बोलला नाही. त्यानं काहीतरी बोलावं असं तिला फार वाटलं होतं. शेजारच्या शांताबाई मात्र एकदा सहज म्हणाल्या, "आप्पा दार वाजवत्यात हो मधनंमधनं. जोरानं न्हाई. पावन्यासारखं वाजवत्यात. मी म्हनते, येईल हं नेत्रा. मग बसत्यात गप." नेत्रानं त्या दिवसापासून शांताबाईंच्या दारावरून जाताना पावलं झपाझप उचलायला सुरुवात केली.

आणि तारीख. आप्पांचं ते नवीनच सुरू झालं होतं. सकाळी अंघोळ करून ते ट्रंकेतला पांढरा शर्ट घालायचे, गळ्यापर्यंत बटणं लावायचे आणि दारात येऊन म्हणायचे, "बाय, आज माजी तारीख हाय. जोयड्याला जायाचं हाय." कसली तारीख, तिनं पहिल्यांदा विचारलं. कोर्टाची, ते म्हणाले. म्हादूची बी हाय. म्हादू कुंभारवाड्याचा, आप्पांचा जोडीदार, जाऊन कितीतरी वर्षं झालेला. दांडेलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं होतं, मेलेली माणसं परत येतात, वाद घालू नका, मन वळवा. म्हणून नेत्रा मन वळवायची. "आप्पा, तारीख उद्यावर ढकलली." कधी म्हणायची, आज कोर्टाला सुट्टी आहे. कधी, साहेब रजेवर. हे सगळं इतकं सहज जमू लागलं होतं की भाकरी भाजता भाजता ती नवी कारणं काढायची, आणि आप्पा प्रत्येक कारण खरं मानून शर्ट काढून घडी घालून ठेवायचे. ज्या दिवशी कडी लावायला ती विसरली त्या दिवशी परत आल्यावर तिनं आधी पलंग पाहिला, मग मोरी, मग दारामागची मोकळी खुंटी. चपला नव्हत्या. पांढरा शर्ट नव्हता.

दुपारी लॅबच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून तिनं त्या नंबरवरचा ब्लॉक काढला आणि तो लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, वाजत राहिला. मग काही न सुचून दादाला लावला. लागणार नाही हे माहीत होतं म्हणूनच लावला असावा. तो लागला. गणपतीदादा टेकाडावर होता, तिलाच फोन करायला आला होता, वहिनीनं लाडू केले होते आणि ते आप्पांसाठी कुणाबरोबर पाठवू असं विचारायला. नेत्रा टाकीच्या कडेला बसली. आप्पा तुझ्याकडं नाहीत का, हे वाक्य तिला लगेच म्हणता येईना. शेवटी म्हणाली. टेकाडावरचा वारा फोनमध्ये घोंगावत होता. मग दादा म्हणाला, "तुज्याकडं हाइत म्हनून तर मी झोपतोय न्हवं."

जोयड्याच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि टेकून बसवेना, सरळ बसली, तेही जमेना. जगलबेट गेलं. रस्ता झाडांच्या आत शिरला तशी फोनवरच्या रेंजच्या रेघा एकेक करून नाहीशा झाल्या. आता तो आवाज पुन्हा फोन करत असेल आणि आपण रानात आहोत. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं आणि ती मान वळवून बघायला लागली. एक पोरगी होती, कडेवर बाळ. आपण त्या माणसाला किती झोकात बोललो. किती छान कानडी बोललो. त्याच्या शेजारी आप्पा उभे असतील, फोन कधी आपल्याकडं मिळतो ह्याची वाट बघत, आणि त्या माणसानं फोन ठेवून त्यांना काय सांगितलं असेल? तुमची मुलगी तुम्हाला ओळखत नाही म्हणते? हे वाक्य तिच्या डोक्यात कानडीत आलं, मग मराठीत आलं, मग आप्पांच्या बोलीत आलं, आणि तिन्हींत ते तेवढंच खरं वाटलं.

पोलीस ठाण्यात शंकर नावाचे हवालदार होते. त्यांचं आजोळ खानापूरकडचं, मराठी चांगलं येत होतं. नेत्रानं नाव सांगताच त्यांनी खुर्ची पुढं सरकवली आणि चहा सांगितला, आणि त्या चहामुळंच ती घाबरली. त्यांनी जे सांगितलं ते असं. म्हाताऱ्याला कुणी धरून आणलं नव्हतं. तो आपल्या पायानं आला, पांढरा शर्ट घालून, आणि दारातल्या शिपायाला म्हणाला, माझी तारीख आहे, कोर्टाची वाट सांगा. शिपायानं गंमत म्हणून नाव-गाव विचारलं. नाव तपासलं तर खरंच निघालं. कितीतरी वर्षांपूर्वीचा खटला, जंगलातून सागवानाचं लाकूड आणल्याचा, घराच्या आढ्यासाठी. दोन आरोपी. दोघांनी तारखेला यायचं बंद केलं म्हणून दोघांच्या नावानं पकडवॉरंट. एक मेला असं म्हातारा स्वतःच सांगत होता. वॉरंट आहे म्हटल्यावर कोर्टापुढं उभं करावं लागलं. कोर्टानं विचारलं, बरोबर कोण आहे, जामीन कोण राहणार. "तर म्हणाले, लेक हाय, पण ती कामावर गेलीया," हवालदार म्हणाले. "जामीन नाही म्हणून जेलमध्ये पाठवलं. तिथूनच तुम्हाला फोन केला होता."

म्हणजे तारीख होती. नेत्रा चहा प्यायली. थंड होईपर्यंत थांबून प्यायली. तारीख होती, म्हादू होता, लाकूड होतं. ज्या घरात ती जन्मली, रांगली, ज्याच्या आढ्याकडं बघत तापात पडून राहिली, त्या आढ्याचं लाकूड होतं. सगळं होतं. नव्हता तो उद्या, जो ती त्यांना रोज सकाळी देत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यात एवढंच सांगायचं राहिलं होतं की विसरणारा माणूस एखादी गोष्ट खरीही बोलत असेल तर काय करायचं. डॉक्टरांचा काय दोष. तिनं कुठं विचारलं होतं?

जेल दुसऱ्या तालुक्याच्या गावी. भेटीला जाताना दादा गुंदहून आला होता, लाडवांचा डबा घेऊन. डबा फाटकावरच ठेवून घेतला, बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून. आप्पांच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आत गेल्या. दादा आणि ती बाकावर एकमेकांपासून एका माणसाची जागा सोडून बसली होती, आणि त्या जागेकडं दोघंही बघत नव्हती. नेत्रा मनात प्रश्न जुळवत होती. आज वार कोणता. हे गाव कोणतं. मी कोण. डॉक्टर असेच विचारायचे. आप्पांना आपण कुठं आहोत हेच कळत नसेल, रात्री उठून ते भिंती चाचपत असतील, दुसरे कैदी हसत असतील, कुणी मारत असेल. हे सगळं तिनं मनात इतक्यांदा पाहिलं होतं की जाळीपलीकडं आप्पा आले तेव्हा ते दाढी केलेले, विंचरलेले आणि बरेच ताजे दिसत होते ह्याचंच तिला भय वाटलं. मागून एक तरुण कैदी त्यांना 'अज्जा, सावकाश' म्हणत आधार देत होता.

"आलीस व्हय," ते म्हणाले. "दादालाबी आनलंस. बरं केलंस."

तिनं जुळवलेले प्रश्न तिला आठवेनात. तिनं विचारलं, खायला मिळतं का. मिळतं, ते म्हणाले, सकाळी चित्रान्न, भात जरा कच्चा. झोप लागते का. लागते. इथं त्रास काही? त्यांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे निवळ होते. गेल्या कित्येक महिन्यांत तिनं ते इतके निवळ पाहिले नव्हते, की पाहिलेच नव्हते. तक्रार करावी तसं नव्हे, चौकशीला उत्तर द्यावं तसं ते म्हणाले, "तरास न्हाई, बाय. हितंबी दार लावत्यात. पन सांगून लावत्यात. अज्जा, आता दार लावतोय, म्हनत्यात. सकाळी उघडत्यात तवाबी हाक मारत्यात."

दादानं तिच्याकडं पाहिलं. त्याला कडीचं माहीत नव्हतं. आत्ता कळलं, की कळलं नाही, हे त्याच्या तोंडावरून समजेना, आणि तिला वाटलं की त्यानं विचारावं, इथंच, ह्या सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं. त्यानं विचारलं नाही. घरातले पुरुष तिला काही विचारतच नव्हते. जाळीच्या तारेत तिनं बोटं अडकवली होती ती शिपायानं हलक्या हातानं काढायला लावली. आप्पा म्हणाले, "तुज्या कामाचा येळ झाला असंल. जा तू." आणि ते तिच्या आधी वळले.

भाग्यलक्ष्मी म्हणून एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी कागद पाहून सांगितलं की खटल्यात जीव उरलेला नाही, म्हातारा स्वतः हजर झालाय हे कोर्टाला आवडेल, दंडावर सुटेल; पण तोवर बाहेर काढायचं तर जामीन पाहिजे, आणि जामिनाला ज्याच्या नावावर जमीन असा माणूस पाहिजे. गुंदची जमीन अजून आप्पांच्याच नावावर. आरोपी स्वतःला जामीन राहत नाही. दादानं गावात दोघांना विचारलं. एकाची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, कर्जासाठी सोसायटीत अडकलेली होती. दुसरा येतो म्हणाला आणि आला नाही. नेत्रा रामनगरहून लॅबची सुट्टी काढून जोयडा, जोयड्याहून परत, असं करत राहिली. तिचे हात कामाचे राहिले नाहीत. एका माणसाच्या दोन्ही कोपरांवर निळे डाग पडले तेव्हा मालकानं तिला घरी बसायला सांगितलं. घरी बसणं म्हणजे त्या दाराच्या आत बसणं. एका दुपारी तिनं आतून दार लोटून घेतलं आणि आप्पा जिथं बसायचे तिथं बसून पाहिलं. रस्त्यावर ट्रकचा आवाज होता, तो जवळ यायचा आणि जायचा. दार नुसतं लोटलेलं होतं, आणि तरी तिला तिथं बसवेना. उठून कुंभारवाड्याला निघाली.

म्हादूची बायको रुक्मिणीकाकी अंगणात सुपारी सोलत होती. नेत्रानं सगळं सांगितलं, कडी सोडून. मग काकीचे हात थांबले नाहीत हे बघून कडीचंही सांगितलं. ते का सांगितलं ते तिला कळलं नाही; काकीकडं मागायला आली होती जामीन, आणि सांगत बसली होती हे. शांताबाईंनी सांगितलेलं ते दार वाजवणंही सांगितलं. काकी ऐकत होती. सोललेल्या सुपाऱ्यांचा ढीग तिनं हातानं नीट केला.

"म्हादूचा जीव जायाच्या टायमाला तो बी तेच बोलत हुता," काकी म्हणाली. "तारीख ऱ्हायली, तारीख ऱ्हायली. मी म्हनलं, आता कसली तारीख, देवाचं नाव घ्या. न्हाई घेतलं." ती उठून आत गेली आणि पिशवी घेऊन आली. जमीन तिच्या नावावर होती. "तुज्यासाठी न्हाई येत मी," ती चप्पल घालताना म्हणाली. "दोगांनी मिळून लाकूड आनलं. एक गेला. दुसरा तरी सुटू दे." बसची वाट बघताना तिनं सांगितलं की ती तारीख चुकली त्या दिवशी काळी नदी भरून आली होती आणि दोघं काठावरून परत आले. दुसऱ्या दिवशी जायचं म्हणाले. पुढची तारीख कुणी सांगितली नाही, ह्यांनीही विचारली नाही, आणि मग विचारायची भीती वाटायला लागली. एवढंच. नेत्राला काहीतरी मोठं कारण हवं होतं.

काकी कोर्टात उभी राहिली, नाव विचारल्यावर नवऱ्याच्या नावासकट खणखणीत सांगितलं, अंगठा न देता सही केली आणि दादाबरोबर जीपनं परत गेली. संध्याकाळच्या आत जेलचं फाटक उघडलं. आप्पांच्या हातात कागदात गुंडाळलेल्या गोळ्या होत्या. वकीलबाईंनी पुढची तारीख सांगितली ती आप्पांनी दोनदा वदवून घेतली. रस्त्यात तिनं त्यांचा दंड धरला होता, मग सोडला, मग त्यांचा पाय जरा अडखळला तेव्हा धरला.

जोयड्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा उतरतं ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. रामनगरची बस लागलेली होती आणि पलीकडं गुंदची, ड्रायव्हर नसलेली. तिच्या फोनवर प्रवीणचे मिस्ड कॉल होते, लॅबच्या मालकाचा निरोप होता, उद्यापासून ये म्हणून. नेत्रानं पिशवी उचलली आणि सवयीनं रामनगरच्या बसकडं चालायला लागली. पायरीवर एक पाय ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आप्पा मागं येतायत, काही न विचारता, गोळ्यांची पुडी छातीशी धरून. ती थांबली. मागच्या माणसानं तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती खाली उतरली.

"आप्पा, कुठं जायाचं?"

त्यांनी मागं वळून पाहिलं, आणखी कुणाला विचारतेय की काय म्हणून.

"मला इचारतीस?"

"व्हय."

ते बाकावर बसले. तीही बसली. समोर दोन पाट्या होत्या, त्यांनी आधी एक वाचली, मग दुसरी, ओठ हलवत, अक्षर अक्षर लावत. गुंदला घर होतं, आणि दिवसभर कुणी नसणार होतं. रामनगरला ती होती. हे तिला सांगावंसं वाटत होतं, दोन्हीतलं काय सोयीचं ते, डॉक्टर काय म्हणतील, दादाशी काय बोलणं झालंय. तिनं जीभ दाताखाली धरली. रामनगरच्या कंडक्टरनं तिच्याकडं पाहून हात केला. तिनं नाही म्हणून मान हलवली. बस मागं सरकली, धूळ उडवत वळली, आणि शेवटची होती हे तिला माहीत होतं. तिचे पाय उठायला बघत होते. गुडघ्यावर तळहात दाबून तिनं ते तसेच ठेवले. आप्पा बस फाट्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

"थांब जरा," ते म्हणाले. "इचार करतोय."